तेलही गेलं, थंडीही गेली!

रेफ्रिजरेशनचा पेपर दिलेल्या कुणालाही रात्री दोनला उठवा, तो चार चौकोन काढून दाखवेल. कॉम्प्रेसर, कंडेन्सर, एक्स्पान्शन व्हॉल्व्ह, इव्हॅपोरेटर. पाचवा चौकोन विचारलात तर पठ्ठ्या परत झोपेल! तो पाचवा म्हणजे ऑइल सेपरेटर. पुस्तकात अर्धं पान, व्हायव्हात शून्य प्रश्न. माझं म्हणणं आहे की हा अन्याय आहे, आणि त्याची किंमत आपण नाही, दुसरंच कुणीतरी मोजतं.

मी राहूचा. दौंड तालुक्यातलं राहू बेट म्हणजे ऊस, गुऱ्हाळं आणि गोठे. आमच्या भागातल्या एका दूध शीतकरण केंद्रात मामा प्लँट चालवतात. अमोनियाचे पिस्टनवाले कॉम्प्रेसर आणि बर्फाची टाकी. डिसेंबरच्या सुट्टीत गेलो तेव्हा मामा कॉम्प्रेसरमध्ये तेल ओतत होते.

"मामा, परवाच ओतलं होतं ना?"

"लई पितंय हे. थंडी पडली की असंच."

"मग तेल जातं कुठं?"

"जातंय कुठं? आत जाऊन बसतंय कॉइलमधी. मग काढायचं खालनं. तुम्ही इंजिनेर ना, तुम्हीच सांगा आता!"

फर्स्ट क्लास असूनही मला सांगता आलं नाही. कॉलेजला परत आल्यावर लायब्ररीत बसलो, तेव्हा कुठे उलगडा झाला.

कॉम्प्रेसरमधून गरम वायूबरोबर तेलाचे बारीक थेंब बाहेर पडतात. सेपरेटरचं काम त्यांना तिथेच अडवायचं. मोठ्या टाकीत वायूचा वेग कमी होतो, तो दिशा बदलतो, जाळीतून जातो, थेंबाला थेंब मिळतो आणि जड झालेला थेंब खाली पडतो. गुऱ्हाळावर नेमकं हेच चालतं. उकळत्या रसात भेंडीचा चीक टाकला की विखुरलेली मळी एकत्र येते आणि गुळव्या ती काढून घेतो. बारीक घाण पकडायची तर आधी ती मोठी करावी लागते. स्टोक्सचा नियमही तेच सांगतो. थेंबाचा व्यास निम्मा झाला की त्याचा खाली पडण्याचा वेग चौथाई होतो.

सेपरेटरमधून निसटलेलं तेल अमोनियात जवळजवळ विरघळत नाही. द्रव अमोनिया लिटरला साधारण 0.64 किलो, तेल 0.9 च्या आसपास. म्हणून ते इव्हॅपोरेटरच्या तळाशी साचतं आणि नळ्यांना आतून चिकटतं. उष्णता अडते, सक्शन प्रेशर उतरतं, बर्फ उशिरा धरतो, बिल वाढतं. तेलही गेलं आणि थंडीही गेली!

पण थंडीतच जास्त का? सगळी गंमत इथेच आहे. आपण डिझाइनला बसलो की मे महिना डोळ्यांपुढे ठेवतो, कारण कंडेन्सरसाठी तोच वाईट. अमोनिया 40 अंशांना कंडेन्स होत असेल तर दाब साधारण 15.5 बार. डिसेंबरच्या रात्री तेच तापमान 25 अंशांवर आलं तर दाब 10 बार. तेवढाच किलोभर वायू आता जवळपास दीडपट जागा घेतो. टाकी तीच, म्हणजे वेग दीडपट. जे थेंब मे महिन्यात खाली पडत होते, ते आता वायूबरोबर वर निघून जातात. त्यात हिवाळा म्हणजे दुधाचा पुष्टकाळ, सगळे कॉम्प्रेसर एकदम चालू. कंडेन्सरचा शत्रू मे, सेपरेटरचा शत्रू डिसेंबर. मामांना हे अनुभवाने माहीत होतं, मला चार सेमिस्टर शिकून नव्हतं.

आता कुणी म्हणेल, "सेपरेटर तर कंपनी देते, आपण कशाला डोकं लावायचं?" कंपनी देते ती गिऱ्हाईकाने लिहून दिलेल्या आकड्यांवर. ते आकडे उद्या आपल्यातलाच कुणीतरी लिहिणार आहे. त्याने नुसतं मे महिन्याचं तापमान लिहिलं, किंवा पुढे त्याच लाइनवर आणखी एक कॉम्प्रेसर जोडला, तर दोष कुणाचा? आणि उपाय काही लाखांचा नाही. दीडपट वायू त्याच वेगाने न्यायचा तर व्यास 22 टक्केच वाढवावा लागतो, 400 मिलिमीटरच्या जागी 490.

बिलाचं एक वेळ सोडा. निसटलेलं तेल तळातून हाताने काढावं लागतं, आणि त्या तेलात अमोनिया असतो. तो उणे 33 अंशांनाच उकळतो. व्हॉल्व्ह तुंबला, जास्त उघडला आणि तेलामागून अमोनिया आला, तर समोरच्या माणसाचे डोळे आणि फुप्फुसं धोक्यात. म्हणून भांडं आधी बाकी सिस्टिमपासून बंद करायचं, आतला अमोनिया उडू द्यायचा, मास्क लावायचा, जोडीला माणूस ठेवायचा, आणि हात सुटला की आपोआप मिटणारा स्प्रिंगचा व्हॉल्व्ह हवाच. सेपरेटर जितकं जास्त तेल पकडेल, तितक्या कमी वेळा मामांना त्या व्हॉल्व्हपुढे वाकावं लागेल. कागदावर आपण ज्याला 'एफिशियन्सी' म्हणतो तिचा खरा अर्थ हा.

तेव्हा सरांना नम्र विनंती, व्हायव्हात एक प्रश्न पाचव्या चौकोनावर विचारा. आणि दोस्तहो, दरवर्षी तेच ते प्रोजेक्ट झेरॉक्स करण्यापेक्षा एका गटाने जवळच्या शीतकरण केंद्रात जावं. वर्षभरात किती तेल ओतलं, किती काढलं, त्या दिवशी कंडेन्सरचा दाब किती, एवढं वहीत लिहावं. मग सेपरेटर मे आणि डिसेंबर दोन्हीसाठी काढून बघावा. अमोनिया कॉम्प्रेसरचं जुनं नाव, 1958 सालची किर्लोस्कर न्यूमॅटिक, आपल्या हडपसरची. म्हणजे विषय काही सातासमुद्रापलीकडचा नाही.

मामांच्या प्रश्नाला माझं उत्तर आता तयार आहे. फक्त ते सेमिनार हॉलमध्ये नाही, त्या व्हॉल्व्हपाशी उपयोगी पडायला हवं. बघा, पटतंय का!