घट्ट म्हणजे चांगले?

दिवाळी अंकात प्राध्यापकाने काय लिहावे याचे संकेत ठरलेले आहेत. फराळ, पाहुणे आणि बायकोने काढलेली साफसफाईची मोहीम यांपलीकडे त्याने सहसा जाऊ नये. यंदा मी मात्र मोटारीच्या स्प्रिंगांवर लिहिणार आहे. या सदराच्या नेहमीच्या वाचकांनी दचकू नये. माझा यंत्रांशी संबंध पंख्याचे बटण दाबण्यापुरता असला, तरी शब्दांशी जुना आहे. आणि हे सारे प्रकरण सुरू होते ते एका फसव्या शब्दापासून.

तो शब्द म्हणजे ‘शॉक अ‍ॅब्सॉर्बर’. गॅरेजात त्याचा ‘शॉकअप’ होतो. धक्का पचवणारा, असा त्याचा अर्थ. पण गंमत अशी, की धक्का पचवते ती स्प्रिंग. शॉकअपच्या नळीतले तेल फक्त स्प्रिंगला शांत करते. आपल्या घरचा झोपाळा आठवून पाहा. एकदा झोका दिला की तो बराच वेळ हलत राहतो. थांबवायचा तर पाय हलकेच जमिनीला टेकवावा लागतो. स्प्रिंग म्हणजे झोपाळा आणि शॉकअप म्हणजे तो टेकवलेला पाय. इंग्लंडातले इंजिनियर त्याला ‘डँपर’ म्हणतात, आणि तेच नाव खरे.

मोटारीच्या शौकिनांत हल्ली ‘कॉइलओव्हर’ हा शब्द फार ऐकू येतो. स्प्रिंगच्या पोटातून शॉकअप गेलेला असतो, म्हणून हे नाव. पण शौकीन ज्याला कॉइलओव्हर म्हणतात त्यात आणखी एक गोष्ट असते. शॉकअपच्या अंगावर आटे पाडलेले असतात आणि त्यांवर एक कडे फिरते. स्प्रिंग या कड्यावर बसते. कडे वर-खाली केले की गाडी वर-खाली होते. बऱ्यापैकी किमतीच्या संचात एक छोटी खुंटीही असते. ती टिकटिक आवाज करीत फिरवली की शॉकअपचा घट्टपणा बदलतो.

हे सारे ज्ञान मला आमच्या भाच्यामुळे झाले. त्याच्याकडे फोक्सवॅगनची पोलो जीटी आहे. आपल्या देशात तिचे उत्पादन २०२२ साली थांबले, तेव्हापासून तर तो तिला वडिलोपार्जित दागिन्यासारखी जपतो. वर्षातून एकदोनदा ही स्वारी गाडी घेऊन कोइंबतूरजवळच्या कारी मोटर स्पीडवेला जाते. पुण्याहून हजारावर किलोमीटर रस्ता तुडवायचा, दोनेक किलोमीटरच्या वर्तुळात मनसोक्त फिरायचे आणि परत हजारावर किलोमीटर यायचे. एरवी तीच गाडी आमच्या ताईला घेऊन साताऱ्याला जाते. ताईच्या कमरेचे दुखणे जुने आहे.

एके रविवारी या घरात मला पंच म्हणून बोलावणे आले. भाच्याने एक संच हेरला होता. दुसऱ्या कोणाच्या गाडीतून निघालेला, नुसत्या शर्यतीसाठी केलेला, अगदी कडक स्प्रिंगांचा. “मामा, गाडी जितकी स्टिफ तितकी वळणावर चिकटून राहते,” तो म्हणाला. भाऊजींचे म्हणणे, कंपनीने केलेल्या गाडीत हात घालूच नये, आणि लाखाच्या घरातला हा खर्च तर मुळीच नको. ताई एवढेच म्हणाली, “अरे, तुम्ही काय वाटेल ते बसवा. मी आपली एस.टी.ने जाईन.” हे वाक्य ती हसत म्हणाली, पण तिच्या मागे वर्षभराचे दुखणे होते, आणि मुलाच्या गाडीत आपली जागा राहते की नाही हा प्रश्नही होता. म्हणून मी वर्तमानपत्र खाली ठेवले आणि चौकशीला लागलो.

पहिला प्रश्न कडकपणाचा. स्प्रिंगचा कडकपणा किलोत मोजतात : एक मिलिमीटर दबायला किती किलो लागतात, हे माप. समजा, एका चाकावर गाडीचा ३०० किलो भार आहे. चाकाशी २ किलोची स्प्रिंग असेल, तर ती १५० मिलिमीटर दबेल. अशी गाडी उसळली तर मिनिटाला ७७ वेळा खालीवर होईल. जेवणानंतर शतपावली घालणाऱ्या माणसाची ही चाल. तीच स्प्रिंग ६ किलोची केली, तर ती फक्त ५० मिलिमीटर दबते आणि उसळी होते मिनिटाला १३४. ही लोकल पकडायला निघालेल्या माणसाची चाल झाली. शर्यतीच्या गुळगुळीत डांबरावर ती शोभते. पण त्या ५० मिलिमीटरांचा आणखी एक अर्थ आहे. खड्डा आला, तर चाक जमिनीमागोमाग साधारण तेवढेच खाली जाऊ शकते. खड्डा त्याहून खोल असला, की चाक क्षणभर अधांतरी! आणि अधांतरी चाकाला ना वळता येते, ना थांबता येते.

भाच्याच्या म्हणण्यातली मेख इथे होती. गाडी रस्त्याला चिकटते ती स्प्रिंगच्या कडकपणाने नव्हे, टायरवरचा दाब टिकून राहिल्याने. गुळगुळीत रस्त्यावर कडक स्प्रिंग गाडीला कलू देत नाही, म्हणून फायदा. खडबडीत घाटाच्या वळणावर तीच स्प्रिंग टायरला उड्या मारायला लावते, म्हणून तोटा. स्प्रिंग चांगली की वाईट हे दुकानात ठरत नाही, रस्ता ठरवतो.

शिवाय स्प्रिंगवर लिहिलेला आकडा चाकापर्यंत तसाच पोहोचतो असे नाही. ज्या गाडीत स्प्रिंग चाकापासून आत, दांड्यावर मध्येच बसवलेली असते, तिथे चाक १० मिलिमीटर हलले तर स्प्रिंग ७ च मिलिमीटर हलते असे समजा. मग ०.७ चा वर्ग घ्यायचा, ०.४९, आणि ६ किलोची स्प्रिंग चाकाशी जेमतेम ३ किलोची उरते. पोलोच्या पुढच्या बाजूला मॅकफर्सन पद्धतीचा खांब आहे. ही पद्धत फोर्डने १९५० साली इंग्लंडात कॉन्सल आणि झेफर या गाड्यांतून पुढे आणली. तिथे आकडा जवळजवळ पुरा पोहोचतो. मागे मात्र स्प्रिंग वेगळी आणि शॉकअप वेगळा! म्हणजे संचाच्या खोक्यावर कॉइलओव्हर लिहिलेले असले, तरी पोलोच्या मागच्या बाजूला तो शब्दही खोटाच. सांगायचे तात्पर्य, एका गाडीचे आकडे दुसऱ्या गाडीला लावू नयेत. दुसऱ्याच्या चष्म्याने वाचण्यासारखेच ते.

दुसरा प्रश्न उंचीचा. गाडी खाली बसली की रुबाबदार दिसते, हे मलाही कबूल आहे. इंडियन रोड्स काँग्रेसच्या नियमाप्रमाणे गतिरोधक १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असावा, ताशी २५ किलोमीटरने ओलांडता येईल असा. आमच्या गल्लीतला गतिरोधक पाहता तो काँग्रेसने नव्हे, एखाद्या अपक्षाने बांधला असावा. गाडीचे पोट त्यावर घासणार हे उघड आहे. न दिसणारी गोष्ट वेगळीच आहे. मॅकफर्सनच्या गाडीत उंची फार उतरवली की चाकाचा खालचा दांडा तिरका होतो, आणि गाडी ज्या काल्पनिक बिंदूभोवती कलते तो बिंदू गाडीपेक्षाही भराभर खाली जातो. मग गाडीचा गुरुत्वमध्य आणि तो बिंदू यांतले अंतर वाढते आणि गाडीची कलण्याची ओढही वाढते. म्हणजे कलू नये म्हणून उतरवलेली गाडी अधिक कलू पाहते! चाकाला वर यायची जागाही तेवढी कमी होते, आणि आतला रबरी ठोकळा धक्के खाऊ लागतो.

तिसरा प्रश्न जोडीचा. कडक स्प्रिंगला तिच्या तोलाचा शॉकअप हवा. जड माणूस बसलेल्या झोपाळ्याला लहान मुलाचा पाय थांबवू शकत नाही. मूळचे शॉकअप ठेवून नुसत्या आखूड, कडक स्प्रिंगा घालणारे लोक गाडीला डोलायला शिकवतात. म्हणून संच घ्यावा तो एकाच हाताने जुळवलेला. स्वीडनची ओलिन्स, हॉलंडची कोनी, जर्मनीच्या बिल्स्टीन आणि केडब्ल्यू अशी या धंद्यातली मातबर घराणी आहेत. पण नावापेक्षा चार गोष्टी विचाराव्या : तेल गळाले तर दुरुस्ती कुठे होईल, सुटे भाग मिळतील का, आपल्या पावसाळ्यात आटे गंजतील का, आणि वरची बैठक रबराची आहे की धातूच्या गोळ्याची. धातूची बैठक अचूक खरी, पण प्रत्येक खडा कानात येऊन सांगते. जर्मनीत असा संच बसवला की अधिकृत तपासनिसाकडून तो पास करून घ्यावा लागतो, आणि उंची कुठून कुठवर बदलायची याच्या मर्यादा कागदावर असतात. आपल्याकडे १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमात मूळ गाडीत बदल करण्यावर बंधने आहेत. तेव्हा आधी परिवहन कार्यालयात विचारावे, विमा कंपनीलाही कळवावे आणि उत्तर लेखी घ्यावे. भाऊजींचा निम्मा विरोध या एका वाक्याने मावळला.

शेवटी ठरले ते असे. शर्यतीचा संच नको. रस्त्यासाठी केलेला, मध्यम स्प्रिंगांचा, घट्टपणा बदलता येणारा संच घ्यायचा. उंची उतरवायची ती फक्त २५ मिलिमीटर. भाचा थोडा हिरमुसला. पण खरी मौज पुढेच होती, बसवल्यानंतरच्या जुळवाजुळवीत.

गॅरेजातले मिस्त्री वयस्क आणि मितभाषी. त्यांनी आधी भाच्याचा एक गैरसमज काढला. स्प्रिंगखालचे कडे वर पिळले की स्प्रिंग कडक होते, असे पुष्कळांना वाटते. “साहेब, गाडी उचलली जाते. स्प्रिंग आहे तीच राहते,” मिस्त्री म्हणाले. खरेच आहे. सरळ स्प्रिंग ४ किलोची असेल, तर कडे कितीही पिळा, पुढचा मिलिमीटर दबायला ४ च किलो लागणार. मग त्यांनी भाच्याला ड्रायव्हरच्या जागेवर बसवून चारी चाकांखाली वजनकाटे ठेवले. परीक्षेच्या हॉलमधले डुगडुगणारे टेबल आठवा. एका पायाखाली कागदाची घडी सारली की भार त्या पायावर आणि त्याच्या तिरप्या समोरच्या पायावर जातो. गाडीचेही तसेच. एक कडे थोडे फिरवले की भार कोपऱ्याकोपऱ्यांत हलतो. दोन्ही तिरप्या जोड्यांवर निम्मा निम्मा भार आला, की गाडी डावीकडे आणि उजवीकडे सारखीच वळते. उंची बदलली की चाकांचे कोनही बदलतात, म्हणून त्यानंतर अलाइनमेंट. ती टाळली तर नवे टायर आतल्या कडेने झिजतात.

घट्टपणाची खुंटी फिरवण्याची त्यांची शिस्त मला फार आवडली. आधी थंड टायरांतली हवा मोजायची. मग खुंटी पूर्ण घट्ट करून तिथून मागे किती टिक आलो ते मोजायचे आणि वहीत लिहायचे. एका वेळी एकच बदल. रस्त्याचा तोच तुकडा, तोच वेग. गतिरोधकावरून उतरल्यावर नाक दोनदोनदा डोलले, तर परतीची उसळी सैल आहे, एक-दोन टिक घट्ट करा. ओळीने आलेल्या उंचवट्यांवर गाडी हळूहळू खाली दबत कडक होत गेली, तर ती फार घट्ट आहे. चाकाला परत खाली यायला वेळच मिळत नाही. शॉकअपच्या दांडीला एक प्लास्टिकची पट्टी बांधायची. फेरी झाली की ती किती सरकली ते पाहायचे, म्हणजे चाक किती वर आले ते कळते. मनाची समजूत पट्टीपुढे चालत नाही.

भाच्याच्या वहीत आता दोन पाने आहेत. एकावर ‘कोइंबतूर’, दुसऱ्यावर ‘आई’. कोइंबतूरच्या पानावर खुंटी घट्टपासून ६ टिक मागे, आईच्या पानावर १४. ताई साताऱ्याला पुढच्या सीटवर बसून जाऊन आली. परत आल्यावर तिने गाडीविषयी चकार शब्द काढला नाही, वांग्यांच्या भावाविषयी बोलली. मिस्त्रींना हे सांगितले तेव्हा ते प्रथमच हसले. गाडी विसरली जावी, याहून मोठी पावती त्यांना नको होती.

मला मात्र राहून राहून एका शब्दाचे नवल वाटते. आपल्या घरांत ‘अ‍ॅडजस्ट करणे’ म्हणजे एकाने मुकाट्याने सोसणे. सून अ‍ॅडजस्ट करते, भाडेकरू अ‍ॅडजस्ट करतो, लोकलमध्ये चौथा प्रवासी अ‍ॅडजस्ट करा म्हणतो आणि उरलेल्या तिघांच्या बरगड्या अ‍ॅडजस्ट होतात. मिस्त्रींच्या गॅरेजात त्याच शब्दाचा अर्थ निराळा आहे : कोण बसणार आहे आणि रस्ता कोणता, हे आधी विचारायचे, एक टिक फिरवायचे, काय झाले ते पाहायचे, नाही जमले तर मागे यायचे आणि लिहून ठेवायचे. कुटुंबात इतकी मोजदाद कोण करतो, असे कोणी म्हणेल. पण खुंटी दोन्ही बाजूंना फिरते, एवढे लक्षात ठेवायला काय हरकत आहे?