उतरवून घेणारा हात

परवा माळा आवरताना बिस्किटांच्या जुन्या डब्यात एक कॅसेट सापडली. आजीच्या जात्यावरच्या ओव्या वडिलांनी १९८४ साली टेप केल्या होत्या. टेपरेकॉर्डर काढला, तर त्याचा बेल्ट सैल पडलेला. दुरुस्त करून आणला. पण आजीऐवजी नुसती खरखर! फितीवर बुरशी चढली होती.

फितीवरचे लोहकण धरून ठेवणारा लेप आपल्या दमट हवेत ओल शोषतो, चिकट होतो. घरी भरलेल्या सीडीतला रंगलेपही कालांतराने बिघडतो. बरे, माध्यम टिकले तरी यंत्र टिकते असे नाही. इंग्लंडचे १०८६ सालचे ‘डूम्सडे बुक’ आजही वाचता येते. त्याच्या नवशताब्दीला, १९८६ साली बीबीसीने काढलेल्या लेसर डिस्क मात्र पंधरा-सोळा वर्षांतच वाचणे अवघड झाले. त्या चालवणारी यंत्रेच दुर्मीळ झाली!

आपल्या ज्ञानेश्वरीची १२९० सालची मूळ प्रत आज कुठे आहे? ग्रंथ टिकला तो नकलांमुळे. नकलांत चुका शिरल्या, तेव्हा एकनाथांनी १५८४ मध्ये पाठ शुद्ध केला. ग्रंथ कागदाने राखला नाही, उतरवून घेणाऱ्या हातांनी राखला.

म्हणून एक विनंती. घरातल्या कॅसेटी, सीडी, जुन्या संगणकातले फोटो या सुट्टीत बाहेर काढा. नव्या साधनावर उतरवा, एक प्रत दुसऱ्या घरी ठेवा आणि चार-पाच वर्षांनी पुन्हा उतरवा.

मला शेवटी आजीची एकच ओवी पुसटशी ऐकू आली. बाकीच्या गेल्या, त्या फितीमुळे नव्हे, माझ्या आळसामुळे.