यंत्र रागावत नाही

क्वेकर्स हिल येथे बहिणीकडे उतरले असताना तिची विद्यापीठात शिकणारी कन्या व तिच्या मैत्रिणी मला निरिंबा संकुल दाखवीत होत्या. १९९४ पर्यंत हा नौदलाचा तळ होता. आता तेथे शिक्षणसंस्था आहेत. पवईच्या केंद्रीय विद्यालयातील शिक्षक दिनेश पटेल यांनी पुठ्ठा, लाकूड, प्लास्टिक अशा टाकाऊ वस्तूंतून घडविलेल्या, २०२१ साली गाजलेल्या ‘शालू’ या बहुभाषी यंत्रबाईंची हकिकत मी सांगितली व विचारले, “वर्गात अशी बाई चालेल?”

“उजळणीला अवश्य, मावशी! दहादा विचारले तरी ती रागावणार नाही. पण माझा निबंध तिने तपासू नये. मी नापास झाले तर तिला काय त्याचे?” मैत्रिणींनीही माना डोलावल्या.

‘रोबो’ हा शब्द कारेल चापेक यांच्या १९२० च्या नाटकातला. त्याचे मूळ वेठबिगारीत. ती यंत्राने खुशाल करावी. रागाचा उल्लेख मात्र मला झोंबला. “एवढेही कळत नाही?” असे मी एकदा एका मुलीला भर वर्गात म्हटले होते. पुढे वर्षभर तिने हात वर केला नाही. यंत्राने तिला पुन्हा सांगितले असते. ती गप्प झाल्याचे त्याला कळले नसते. मला कळले होते, तरी मी तिला जवळ बोलावले नाही.