अरबी समुद्र न सोडणारा देवमासा

लोबान म्हटले की आपल्याकडे जुमेरातची संध्याकाळ आठवते. निखारे, त्यावर चिमूटभर लोबान आणि घरभर धूर. आपल्या बाजारात या नावाने मिळते ती पुष्कळदा दुसऱ्याच झाडाची राळ असते, ते असो. खरा अरबी ‘लुबान’ ज्या झाडाच्या डिंकातून येतो, ते झाड ओमानच्या धोफार भागात वाढते. या झाडाचे नाव एका देवमाशाला मिळाले आहे. हंपबॅक जातीच्या देवमाशाच्या शेपटीखाली पांढऱ्या-काळ्या रंगाची नक्षी असते आणि आपल्या बोटांच्या ठशांसारखी ती प्रत्येकाची वेगळी असते. ओमानच्या किनाऱ्यावरील एका मादीची नक्षी लुबानच्या झाडासारखी दिसली, म्हणून अभ्यासकांनी तिचे नाव लुबान ठेवले.

नोव्हेंबर २०१७ मध्ये मसीरा आखातात लुबानच्या पाठीवर उपग्रहाला संदेश पाठवणारे छोटे यंत्र बसवण्यात आले. डिसेंबरमध्ये ती निघाली ती थेट पूर्वेकडे. सुमारे १,५०० किलोमीटरचा समुद्र ओलांडून ती केरळच्या किनाऱ्याजवळ पोहोचली, भारताच्या दक्षिण टोकापर्यंत गेली आणि पुन्हा ओमानकडे परतली. आपल्या कोकणातले कितीतरी लोक रोजीरोटीसाठी मस्कत-सलालाहला ये-जा करतात. त्यांच्या विमानाखालून ही बाई पोहत ये-जा करत होती म्हणायची.

यात नवल काय, असे कोणी विचारील. देवमासे प्रवास करतातच. पण जगातले बाकीचे हंपबॅक उन्हाळ्यात ध्रुवाकडे आणि हिवाळ्यात विषुववृत्ताकडे, असे उत्तर-दक्षिण जातात. लुबान मात्र पूर्व-पश्चिम गेली आणि अरबी समुद्राच्या बाहेर पडलीच नाही. याचे कारण समजून घ्यायचे तर आधी देवमाशाच्या पोटाकडे पाहावे लागेल.

देवमासा मासा नाही, सस्तन प्राणी आहे, हे शाळेतल्या पोरांनाही पाठ असते. पण तो जेवतो कसा, हे पुस्तकात क्वचितच येते. हंपबॅक किंवा त्याचा थोरला भाऊ निळा देवमासा यांना दात नसतात. वरच्या जबड्याला झालरीसारख्या पट्ट्या लोंबत असतात. खाद्य म्हणजे क्रिल, आपल्या सुकटीतल्या जवळ्याची चुलत भावंडे म्हणा, आणि तारली-बांगड्यासारखे थव्याने फिरणारे मासे. थवा दिसला की देवमासा वेग घेतो आणि जबडा उघडतो. गळ्याखालच्या चुण्या उलगडतात, तोंडाची प्रचंड पिशवी होते आणि तीत पाण्यासकट सारा थवा शिरतो. मग तो तोंड मिटून पाणी झालरीतून बाहेर ढकलतो आणि गाळणीत चहापत्ती राहावी तसे खाद्य आत राहते.

वाचायला सोपे वाटते, पण हा सौदा महागडा आहे. उघडलेला जबडा पाण्यात पॅराशूटसारखा काम करतो. एवढे मोठे धूड क्षणात जवळजवळ थांबते आणि पुढच्या घासासाठी पुन्हा शून्यातून वेग घ्यावा लागतो. हे सगळे श्वास रोखून, पाण्याखाली. २०१९ मध्ये अमेरिकेत कॅलिफोर्नियाजवळच्या मॉन्टेरी उपसागरातील एका निळ्या देवमाशाच्या हृदयाचे ठोके मोजल्याचे प्रसिद्ध झाले. बुडी मारल्यावर ते मिनिटाला चार ते आठ, कधी तर दोनच इतके मंद होत. घास घेताना मात्र ते अडीचपटीपर्यंत वाढत आणि वर येऊन श्वास घेताना पंचवीस ते सदतीसवर जात. म्हणजे खोल पाण्यात काटकसर आणि वर आल्यावर सारी उधारी फेडायची. शर्यत पळून आलेल्या मुलाची छाती कशी धपापते, तसेच.

या खर्चाच्या बदल्यात मिळते काय? निळ्या देवमाशांवरच्या २०१० च्या अभ्यासात असा हिशेब निघाला की दाट थव्यात मारलेल्या एका बुडीतून खर्चाच्या नव्वदपट ऊर्जा मिळू शकते. दाट थव्यात, हे महत्त्वाचे. विरळ पाण्यात तोच घास नुकसानीचा. त्यामुळे एवढ्या मोठ्या जनावराला इथे थोडे, तिथे थोडे असे चरता येत नाही. त्याला भरगच्च दस्तरखान लागतो.

असा दस्तरखान साधारणपणे ध्रुवांजवळच्या थंड समुद्रांत उन्हाळ्यात मांडलेला असतो. बहुतेक हंपबॅक तिथे महिनोन्‌महिने खाऊन अंगावर चरबी चढवतात. मग हजारो किलोमीटर पोहून उबदार पाण्यात येतात, तिथे पिल्ले होतात, जोड्या जमतात आणि या काळात ते जवळजवळ काहीच खात नाहीत. आई तर उपाशीपोटी पिल्लाला सायीपेक्षा घट्ट दूध पाजत असते, ते चरबीच्या साठ्यातूनच.

अरबी समुद्र उबदार, विषुववृत्ताजवळचा. नियमाप्रमाणे इथे देवमाशाची उपासमार व्हायला हवी. पण इथे आपला पावसाळा मदतीला येतो. ‘मान्सून’ हा शब्द अरबी ‘मौसिम’वरून आला, हे वाचकांना माहीत असेलच. जून ते सप्टेंबर नैर्ऋत्येचे वारे सोमालिया आणि ओमानच्या किनाऱ्याला समांतर असे जोराने वाहतात की वरचे पाणी किनाऱ्यापासून दूर लोटले जाते आणि त्याची जागा घ्यायला खोलातले थंड, क्षारांनी समृद्ध पाणी वर येते. त्यावर सूक्ष्म वनस्पती फोफावतात, त्यांच्यावर क्रिल आणि मासे पोसतात. सलालाहला राहिलेल्या कोणालाही तो ‘खरीफ’ ठाऊक असतो. आजूबाजूला वाळवंट आणि त्या तीन महिन्यांत डोंगर हिरवेगार, वर धुके. त्या धुक्यामागेही किनाऱ्याजवळचे हे गार पाणीच आहे. जो वारा आपल्या भातखाचरांत पाऊस आणतो, तोच ओमानच्या समुद्रात देवमाशाचे ताट वाढतो. घरातच जेवण आणि घरातच पाळणा म्हटल्यावर ध्रुवाकडे जायचे कशाला?

ही गोष्ट जगाला कळली ती मात्र एका गुन्ह्यातून. १९६५ आणि १९६६ च्या नोव्हेंबरमध्ये अंटार्क्टिककडे जाणाऱ्या सोव्हिएत शिकारी जहाजांनी ओमान, पाकिस्तान आणि वायव्य भारताच्या किनाऱ्यांजवळ २४२ हंपबॅक चोरून मारले. त्यांपैकी २३८ एकट्या १९६६ च्या नोव्हेंबरात. जगाला दाखवायच्या आकड्यांत हे कधी आले नाही. सोव्हिएत संघ कोसळल्यावर, १९९७ मध्ये, युरी मिखालेव या शास्त्रज्ञाने त्या वेळच्या मोजमापांचा अभ्यास प्रसिद्ध केला. पोटांत खाद्य सापडले होते, म्हणजे हे प्राणी इथेच जेवत होते. त्याहून मोठा पुरावा माद्यांच्या पोटातील गर्भांचा होता. दक्षिण गोलार्धातल्या हंपबॅकमध्ये गर्भधारणा जुलै-सप्टेंबरच्या सुमारास होते, त्यामुळे नोव्हेंबरात गर्भ अगदी लहान असायला हवा. इथल्या गर्भांच्या लांबीचा त्याच्याशी मेळच बसेना. तो बसला उत्तर गोलार्धाच्या वेळापत्रकाशी, जिथे पिल्ले जानेवारी ते मार्चच्या सुमारास जन्मतात. म्हणजे मादागास्कर-मोझांबिककडचे शेजारी आणि हे, यांचे लग्नसराईचे महिनेच अर्ध्या वर्षाने वेगळे. पाहुणा चुकून आला तरी सोयरीक जमणे कठीण.

मारलेल्या जनावरांच्या मोजपट्टीतून एवढी बारीक गोष्ट निघाली, याचे आम्हांला कौतुकही वाटते आणि वाईटही.

पुढचा पुरावा जिवंत देवमाशांकडून मिळाला. छोट्या पोकळ बाणाने त्वचेचा नखाएवढा तुकडा काढतात. देवमाशाला ते डास चावल्यासारखे असावे. त्या तुकड्यातल्या डीएनएची तुलना दुसऱ्या समुद्रांतल्या हंपबॅकशी केली. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात अंदाज निघाला की अरबी समुद्रातला हा कळप सुमारे ७०,००० वर्षे बाकीच्या जगापासून वेगळा आहे. जगातल्या हंपबॅकमध्ये इतका एकटा पडलेला दुसरा कळप माहीत नाही. आणि त्यांच्या डीएनएमधली विविधताही कमी आढळली.

विविधता कमी म्हणजे काय, हे आपल्या घरांतल्या वाचकांना समजावणे फार अवघड नाही. बाळाला काही दुखणे निघाले की डॉक्टर आईला विचारतात, ‘नात्यात लग्न झालंय का?’ एखादा दोष आईकडूनही आणि बापाकडूनही आला तर तो उघडा पडतो, आणि दोघे एकाच आजोबांची नातवंडे असतील तर ती शक्यता वाढते. माणसाला बिरादरीबाहेर पाहता येते. अरबी समुद्रातल्या देवमाशाला बाहेरची सोयरीकच नाही. शिवाय नवी रोगराई आली किंवा समुद्र तापला, तर टिकून राहायला कळपात तऱ्हेतऱ्हेचे जनुक असावे लागतात. तो साठाच इथे तोकडा आहे.

आता हा कळप केवढा? समुद्रातले देवमासे मोजतात कसे, हे मुलांना घरीही दाखवता येते. डब्यातले मूठ-दोन मूठ राजमे घ्या, मोजू नका. त्यांतले २० काढून त्यांवर पेनने खूण करा, परत टाकून चांगले हलवा. पुन्हा २० काढा. त्यांत खुणेचे ५ निघाले, तर २० म्हणजे सगळ्यांचा चौथा भाग. एकूण राजमे सुमारे ८०. शेपटीच्या फोटोंवरून नेमके हेच करतात. पहिल्या खेपेला कोण दिसले, दुसऱ्या खेपेला त्यांतले किती पुन्हा दिसले. ओमानजवळ २००० ते २००४ या काळात काढलेल्या फोटोंवरून उत्तर आले ८२. चूकभूल धरून ६० ते १११. आमच्या शाळेतले दोन वर्ग एकत्र बसवले तर त्यांची हजेरी एवढी भरेल. सोव्हिएत जहाजांनी दोन हंगामांत मारले ते याच्या जवळजवळ तिप्पट.

मादी साधारण दोन-तीन वर्षांतून एकदा विते, एका वेळी एकच पिल्लू. गर्भ अकरा-बारा महिने. अशा हिशेबाने घराणे पुन्हा भरायला पिढ्या लागतात, आणि मध्ये कोणी हात लावता कामा नये. पण हात लागतोच, आता भाल्याचा नव्हे, जाळ्याचा. शेपटीच्या बुंध्याचे फोटो तपासले तेव्हा ३० ते ४० टक्के देवमाशांवर जाळ्यात अडकल्याच्या खुणा असाव्यात असे दिसले. या खुणा सुटलेल्यांच्या. जे बुडाले त्यांचे फोटो कोण काढणार? शिवाय आखाताकडे जाणाऱ्या मोठ्या जहाजांचा रस्ता याच पाण्यातून जातो.

दुसऱ्या एखाद्या समुद्रात कळप घटला तर शेजारून नवे येऊन राहतात. इथे तसे कोणी येणार नाही. दक्षिणेचे हंपबॅक संख्येने पुष्कळ आहेत, शिकारबंदीनंतर चांगले वाढलेही. पण त्यांचे वेळापत्रक वेगळे आणि घरही वेगळे. इथली घडी गेली की गेली. जागतिक निसर्ग संवर्धन संघाने २००८ पासून या कळपाची नोंद ‘धोक्यात आलेला’ अशी स्वतंत्रपणे केली आहे, ती यासाठीच.

हा कळप फक्त ओमानचा नाही, हे लुबानने दाखवलेच. गोव्याच्या किनाऱ्याजवळही पाण्याखालच्या ध्वनियंत्रांनी हंपबॅकचे गाणे टिपले आहे. हे गाणे फक्त नर गातात. तेव्हा आपल्या किनाऱ्यावरच्या होडीवाल्यालाही एखाद दिवशी हा पाहुणा भेटू शकतो. भारतात देवमाशाला वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीचे संरक्षण आहे, पण जाळे ज्याचे फाटते त्याचे पोट कायद्याने भरत नाही. महाराष्ट्रात डिसेंबर २०१८ पासून त्यासाठी एक सोय आहे. जाळ्यात अडकलेला संरक्षित सागरी प्राणी जाळे कापून सोडला, तर मच्छीमाराला २५,००० रुपयांपर्यंत नुकसानभरपाई मिळू शकते. कासव, देवमासा, बहिरी शार्क असे सारे त्यात येतात. प्राणी सोडतानाचा फोटो किंवा व्हिडिओ लागतो आणि अर्ज मत्स्यव्यवसाय विभाग किंवा वनविभागाच्या कांदळवन कक्षाकडे जातो. ज्यांच्या घरचे कोणी होडीवर जाते, त्यांनी एवढे त्यांच्या कानावर घालावे. मोबाइल तर प्रत्येक होडीवर असतोच.