'हॅम्नेट' आणि रसिकांचा हिशेब

मॅगी ओफॅरल या लेखिकेची 'हॅम्नेट' ही इंग्रजी कादंबरी २०२० सालीं प्रसिद्ध झाली व त्याच वर्षीं तिला 'विमेन्स प्राइझ' हें मोठें पारितोषिकही मिळालें. तिच्या वाचकांचा एक आवडता युक्तिवाद आमच्या कानीं वारंवार पडतो. शेक्सपिअरचा अकरा वर्षांचा मुलगा गेला खरा, परंतु त्यामुळेंच जगाला 'हॅम्लेट' लाभलें; तेव्हां तो मृत्यु सार्थकीं लागला! हा युक्तिवाद आम्हांस केवळ चुकीचाच नव्हे, तर निष्ठुर वाटतो.

प्रथम आधार पाहूं. ११ ऑगस्ट १५९६ रोजीं स्ट्रॅटफर्ड येथें हॅम्नेटचें दफन झाल्याची नोंद आहे. मरणाचें कारण तींत नाहीं. प्लेगची कल्पना लेखिकेची, आणि कादंबरीकारास तेवढा अधिकार आहेच. हॅम्नेट व हॅम्लेट हीं त्या काळीं एकाच नांवाचीं दोन रूपें होतीं, हेंही खरें. परंतु 'हॅम्लेट' याच नांवाचें एक जुनें नाटक १५९४ सालीं, म्हणजे मुलाच्या मृत्यूपूर्वीं, लंडनांत झालेलें होतें. मग नुसत्या नामसाम्यावर कार्यकारणाचा इमला उभारणें कितपत शहाणपणाचें?

तरीही घटकाभर मानूं कीं, नाटक त्या शोकांतूनच जन्मलें. त्याची किंमत कोणीं दिली? कादंबरींत आधीं आजारी पडते ती हॅम्नेटची जुळी बहीण ज्युडिथ. भाऊ तिच्याशेजारीं निजून मृत्यूला फसवितो आणि तिच्याऐवजीं आपण जातो. जुळें भावंड गमावलेल्यास काय म्हणावें, यास त्या पोरीला शब्द सांपडत नाहीं. आमच्या मराठींतही विधवा आहे, पोरका आहे. हा शब्द मात्र नाहीं.

शेवटीं आई लंडनास जाते, तें नाटक पाहते, आणि पतीनें रंगभूमीवर मुलाशीं मरणाची अदलाबदल केली आहे हें तिला उमगतें. हा प्रसंग वाचतांना आमचेही डोळे ओलावले. पण ज्युडिथ त्या नाट्यगृहांत नाहीं. ती घरीं आहे. खरी ज्युडिथ १६६२ पर्यंत जगली. १६११ च्या एका दस्तऐवजावर तिनें सहीऐवजीं खूण केलेली आढळते. एवढ्या थोर नाटककाराची ही लेक. बापाचें नाटक तिला वाचतां तरी आलें असेल काय?

"मग कलावंतानें लिहूंच नये कीं काय?" असें कोणी विचारील. आम्ही तसें म्हणत नाहीं. त्यानें अवश्य लिहावें. आम्ही कृतज्ञतेनें वाचूं. परंतु आनंद आम्हीं घ्यावा आणि ऋण फिटल्याची पावतीही आम्हींच लिहून द्यावी, हा कोठला न्याय? ती लिहिण्याचा अधिकार मागें राहिलेल्या बहिणीचा होता, आणि तिनें ती दिल्याचें आम्हांस कोठेंही आढळलें नाहीं.