लग्नमंडपांतील छायाचित्रकार

आमच्या सोलापुरांत अक्कलकोट रोडच्या औद्योगिक वसाहतींत टॉवेल विणणाऱ्या एका कामगाराच्या घरीं गेल्या वैशाखांत लग्न होतें. त्याची धाकटी कन्या माझी विद्यार्थिनी. म्हणून मलाहि अगत्याचें बोलावणें होतें. अंतरपाट धरला गेला, मंगलाष्टकें सुरू झालीं, आणि दोन छायाचित्रकार व पांचसात मोबाईलधारी पाहुणे वधूवरांभोंवतीं असे उभे राहिले कीं, वधूच्या वृद्ध आजीस नातीचें मुख दिसेना. बिचारीच्या अक्षता छायाचित्रकारांच्या पाठीवर पडल्या. लोक हंसले, मला मात्र हंसूं आलें नाहीं.

छायाचित्रणाच्या कलेवर माझा रोष नाहीं. १८३९ सालीं ती प्रथम जगापुढें आली, तेव्हां छबी उमटण्यास इतका वेळ लागे कीं, माणसास पुतळ्याप्रमाणें निश्चल बसावें लागे. आतां निमिषार्धांत छबी निघते. त्यामुळें ठरवून बसविलेल्या चित्रापेक्षां नकळत टिपलेलें सहज हास्य अधिक सुंदर वाटतें, आणि तें योग्यच आहे. परंतु सहज चित्र घेणारा स्वतः अदृश्य असला पाहिजे. फ्रेंच कलावंत हेन्री कार्तिए-ब्रेसाँ आपल्या कॅमेऱ्याचे चकाकणारे भाग काळ्या पट्टीनें झांकीत व दिव्याचा झोत टाळीत. आपल्या देशांतील पहिल्या स्त्री-वृत्तछायाचित्रकार होमाई व्यारावाला यांनीं १९७० सालीं कॅमेरा खालीं ठेवला. नव्या छायाचित्रकारांचें असभ्य वर्तन त्यांना सहन होईना.

त्या लग्नांत आणखी एक गोष्ट घडली. वधूचा पिता मंडपामागें एकटाच डोळे पुशीत उभा होता. कोणीं तरी तें टिपलें. सायंकाळपर्यंत तें चित्र वसाहतींत हातोहात फिरलें, आणि दुसऱ्या दिवशीं मागावर त्याची थट्टा झाली. चित्र उत्तम होतें. तें एकट्या कन्येच्या हातीं पडतें, तर तिनें तें जन्मभर जपलें असतें. दोष चित्र घेण्यांत नव्हता, तें चव्हाट्यावर मांडण्यांत होता.

कोणी म्हणेल, ‘आधीं विचारलें तर सहजता उरते कोठें?’ त्यास माझें उत्तर असें: लग्नाच्या आदल्या दिवशीं यजमानांस एकदां विचारावें, आणि काढलेलें चित्र दुसऱ्यास दाखविण्यापूर्वीं ज्याचें त्यास दाखवावें. मधल्या वेळांत खुशाल नकळत टिपावें. जेवणाऱ्याच्या मुखासमोर, रडणाऱ्याच्या डोळ्यांसमोर व वडीलधाऱ्यांच्या आड मात्र कधींहि उभें राहूं नये.

विद्यार्थ्यांनो, तुमच्यापैकीं अनेकांच्या हातीं आज कॅमेरा आहे. गालीलांतील काना गांवच्या लग्नाची कथा तुम्हांस ठाऊक आहे. तेथें द्राक्षारस संपला होता. ही उणीव चारचौघांत उघडी पडती, तर त्या घराची लाज गेली असती. आपल्या प्रभूनें ती गुपचूप भरून काढली. भोजनकारभाऱ्यासहि कळलें नाहीं. जाणलें तें पाणी काढणाऱ्या चाकरांनीं, आणि त्यांनीं बोभाटा केला नाहीं. लग्नघरीं पाहुणा म्हणून जाणाऱ्यानें यजमानाची लाज राखावी, हा धडा हातांत कॅमेरा असतांनाहि विसरूं नये.