उठण्याआधी एक मिनिट

ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सिस्टर येतात आणि म्हणतात, "चला, आज थोडं चालायचं." पेशंट घाबरतो, आणि त्याच्याहून जास्त तुम्ही! मग मदत म्हणून तुम्ही त्याचे दोन्ही हात धरून ओढता. नेमकं इथेच चुकतं.

आजीच्या खुब्याच्या ऑपरेशननंतर मीही हेच करत होते. सिस्टरनी मला हलकेच बाजूला केलं. "ओढू नका. आधी त्यांना बसू द्या." त्या दिवशी बघून शिकलेलं तुम्हालाही सांगते.

चालणं का गरजेचं? नुसतं पडून राहिल्याने पायात रक्ताच्या गुठळ्या होऊ शकतात, छातीत कफ साठतो, स्नायूंची ताकद जाते. पण पहिल्यांदा उठवताना सिस्टर किंवा फिजिओथेरपिस्ट सोबत हवेतच.

आधी बसा, मग उठा
खूप वेळ झोपून एकदम उभं राहिलं की रक्त पायांकडे उतरतं, बीपी खाली येतं आणि डोळ्यांपुढे अंधारी येते. म्हणून पलंगाच्या कडेला, तळवे जमिनीला टेकवून १-२ मिनिटं बसवा. "चक्कर येतेय का?" विचारा. येत असेल तर पुन्हा झोपवा आणि सिस्टरना सांगा.

निघण्याआधी पाहा
फरशी ओली नाही ना? पायात सपाता किंवा नुसते मोजे नकोत. मागून बंद, न घसरणारी चप्पल हवी. सलाईनची नळी पायात येऊ देऊ नका. लघवीची पिशवी कमरेच्या खालीच राहू द्या.

तुम्ही कुठे उभं राहाल?
पेशंटच्या अशक्त बाजूला, किंचित मागे. आधार कमरेला द्या, दंडाला धरून खेचू नका. काठी असेल तर ती मात्र चांगल्या बाजूच्या हातात.

तोल गेलाच तर?
उभं धरून ठेवायचा हट्ट नको, दोघेही पडाल. पाय फाकवून उभे राहा, पेशंटला अंगाशी घ्या आणि तुमच्या मांडीवरून हळूहळू खाली सरकू द्या. डोकं सांभाळा. लगेच उचलू नका, सिस्टरना हाक मारा.

एवढं सगळं शिकूनही एका रात्री मला जाग आली, तर आजी एकटीच पलंगाचा कठडा धरून उठत होती. बाथरूमला जायचं होतं. "तुझी झोप कशाला मोडू? आणि सिस्टरना तरी किती त्रास द्यायचा?"

आपल्या घरातली मोठी माणसं अशीच असतात ना? म्हणून रात्री झोपण्याआधी त्यांना एकदा बाथरूमला नेऊन आणा. बेल त्यांच्या हाताशी ठेवा. आणि आमच्या सिस्टरनी आजीला सांगितलं, तेच त्यांनाही सांगा:

"आजी, उठताना बोलावलंत तर मला दोन मिनिटं लागतात. पडल्यावर बोलावलंत तर तुमचे दोन महिने जातील."